तुझा फासा तूच वाच

साताऱ्याला बदली होऊन मला आता बरेच दिवस झाले. परवा इथल्या एका कॅफेत बसले होते. शेजारच्या टेबलावर कॉलेजातली चार मुलं तो खेळ मांडून बसली होती, ज्यात प्रत्येकाने एक वेगळा माणूस व्हायचं असतं. कुणी लढवय्या, कुणी जादूगार, कुणी चोर. एकजण गोष्ट सांगत पुढे नेतो, बाकीचे आपापला माणूस त्या प्रसंगात काय करतो ते सांगतात आणि अवघड वेळ आली की वीस बाजूंचा फासा टाकून निकाल लावतात. मुलांचा खेळ नुकताच सुरू होत होता. गोष्ट सांगणाऱ्याने विचारलं, 'तुझ्या माणसाची खोड काय?' समोरचा चष्मेवाला मुलगा झटकन म्हणाला, 'तो जरा जास्तच शूर आहे.' गोष्ट सांगणाऱ्याने मान डोलावून ते लिहूनही घेतलं.

माझा कप हातातच राहिला. वाटलं, उठावं आणि त्या टेबलापाशी जाऊन म्हणावं, 'अरे बाळांनो, ही खोड नव्हे.' पण पुढे काय सांगायचं ते ज्यांना नीट सांगता यायचं ते तिकडे आटपाडीला आहेत. मी बिल देऊन बाहेर पडले.

तसं इथे माझं काही बिघडलेलं नाही. कॉलेजात गणित शिकवते, खोलीच्या खिडकीतून किल्ला दिसतो, हवा सांगलीपेक्षा कितीतरी बरी. फक्त रविवारची दुपार झाली की मला स्वतःचं काय करावं ते कळत नाही. उगाच कपाट आवरते. आवरलेलं कपाट पुन्हा आवरते. मग कबूल करते की तात्यांची आठवण येतेय.

तात्या खरात मूळचे आटपाडी तालुक्यातले. घरची मेंढरं, लहानपण कळपामागे चालण्यात गेलं. पुढे फौजेत सिग्नलमध्ये, म्हणजे बिनतारी संदेश देण्या-घेण्याच्या कामावर, भरती झाले, हवालदार होऊन परत आले आणि सांगलीच्या बाहेर भाड्याच्या मैदानावर त्यांनी भरतीची तयारी करून घेणारी अकॅडमी काढली. आमच्याकडे अशा अकॅडम्या किराणा दुकानांइतक्या आहेत. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही, गावी एक भाऊ. झालं त्यांचं चरित्र. याहून जास्त त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही, आणि विचारायची कुणाची छाती नव्हती.

हा खेळ त्यांना फौजेतच मिळाला. बर्फात अडकलेल्या कुठल्याशा चौकीवर एका तरुण कॅप्टनने वेळ घालवायला तो सगळ्यांना शिकवला. फासे नव्हते, म्हणून लोकरीच्या टोपीत चिठ्ठ्या टाकून खेळले. परत आल्यावर मैदानात चिखल झाला की तात्या अकॅडमीच्या पोरांना पत्र्याच्या शेडमध्ये बसवून तोच खेळ खेळवायचे. आम्हाला हे कळलं सूरजमुळे. सूरज त्यांच्याकडेच तयारी केलेला, भरतीत दरवेळी थोडक्यात राहिलेला आणि शेवटी मार्केट यार्डात इरफानच्या हळदीच्या दुकानात काट्यावर वजन करणारा. इरफान माझा कॉलेजातला वर्गमित्र. बापाची अडत चालवतो. त्याने पुण्याहून नियमांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि फासे आणून ठेवले होते आणि खेळवणारा कुणी नाही म्हणून आमच्या नावाने खडे फोडत होता. एक दिवस सूरज पोत्यावर बसल्या बसल्या म्हणाला, 'आमचं तात्या असलंच कायतरी खेळवत्यात की.'

पुढच्या रविवारपासून दुकान बंद असताना आमचा खेळ सुरू झाला. चारी बाजूंनी हळदीची पोती, मध्ये टेबल. महिन्याभरात फाशांवरचे खोदलेले आकडे पिवळे झाले. आमच्या माणसांच्या जागी टेबलावर हळकुंडं ठेवलेली असायची. घरी गेले की आई माझ्या बाह्या बघून विचारायची, 'आज कुणाचं लग्न होतं?'

पहिल्याच रविवारी खोडीवरून वादावादी झाली. पुस्तकात नियम असा होता की आपल्या माणसाला एखादी खोड, म्हणजे स्वभावातली उणीव, घेतली तर त्या बदल्यात जादा ताकद मिळते. इरफान व्यापाऱ्याचा मुलगा. त्याने ते वाक्य वाचलं आणि त्याचे डोळेच चमकले. आमची गोष्ट जहाजावर घडणार होती. इरफानने खोड जाहीर केली, 'माझा माणूस घोड्याला घाबरतो.'

तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. 'इरफान, गोष्ट दर्यावर हाय.'

'हो की.'

'मग घोडं कुठनं यायाचं?'

'म्हणून तर घेतली, तात्या.'

'ही खोड न्हाई रं गड्या, ही सूट हाय. सूट गिऱ्हाइकाला दे.'

मग सूरज. त्याचा माणूस कुणाचंच ऐकणार नव्हता. तात्या त्याला म्हणाले, 'तू ऐकणार न्हाईस, भलताच दोर तोडणार, आन दर्यात जाणार ही मॅडम. तुझ्या खोडीचा भुर्दंड शेजाऱ्यानं का सोसायचा?' सूरज खाली बघून हळकुंड सोलायला लागला. मी मनातून खूश होते, कारण माझी खोड तयार होती आणि ती कुणालाही त्रास देणारी नव्हती. मी म्हटलं, 'माझी वैदू बाई फार दयाळू आहे.'

तात्या माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, 'मॅडम, ही खोड न्हाई. हे लग्नाच्या जाहिरातीत लिवत्यात.'

तिथे त्यांनी त्यांचा नियम सांगितला. तो पुस्तकात नव्हता, कॅप्टनचाही नसावा. आपली खोड आपण ठरवायची नाही, शेजारी बसलेल्याने ती मंजूर करायची. मंजूर करताना त्याने दोन गोष्टी बघायच्या. 'खोड ज्याची त्याला नडली पायजे, आन शेजाऱ्याला त्यातनं काम मिळालं पायजे. नडलीच न्हाई तर ती सूट. शेजारीच बुडाला तर ती पीडा. खोड ह्या दोन्हीच्या मधी असती.'

इरफानला हे पटेना. तो म्हणाला, 'दुसऱ्याच्या खोडीनं मला कसलं काम मिळणार? डोकेदुखी मिळेल.'

'आमच्या म्हाताऱ्याकडं एक मेंढी हुती,' तात्या म्हणाले. 'रोज कळप सोडून भलतीकडंच जायाची. लय मार खाल्ला तिनं, काटं भरून घेतलं अंगात, पर जायाची. लोक म्हणायचं, इकून टाक. म्हातारा म्हणायचा, हिच्यामुळं माझं कुत्रं जागं ऱ्हातंय.'

मग इरफाननेच सूरजची खोड दुरुस्त केली: संकट दिसलं की हा कुणाचं ऐकत नाही, स्वतः सगळ्यात पुढे धावतो. नडणार त्याला, आणि मागची बाजू सांभाळायचं काम इरफानला. इरफानसाठी मी घासाघीस मंजूर केली, वाघाच्या तावडीत सापडला तरी भाव केल्याशिवाय सुटून यायचं नाही. माझी खोड ठरवायचं सूरजकडे आलं. तो बिचारा मला घाबरून असायचा. तरी म्हणाला, 'मॅडमच्या बाईला शेवटचा शब्द आपलाच लागतोय.' बाकी दोघांनी ती इतक्या घाईने मंजूर केली की मला अपमान वाटायला वेळ मिळाला नाही. मी म्हटलं, 'खोड माझ्या बाईची ठरवताय की माझी?' तात्या म्हणाले, 'बगा. आताच सुरू झालं.'

आणि खरंच, त्यानंतर खेळाला रंग चढला. माझी वैदू बाई किल्ल्याच्या दारावर पहारेकऱ्याशी वाद घालून वाद जिंकायची आणि दार बंद करून घ्यायची, की इरफान घासाघीस करत ते उघडायला पुढे. सूरज खंदकात उडी टाकून मोकळा व्हायचा, की मी मलमपट्टीला. आम्ही तिघंही एकमेकांच्या उणिवांवर पोट भरत होतो. इतकं बरं मला त्या आधी कुठल्या कंपूत वाटलं नव्हतं, आणि नंतरही वाटलेलं नाही.

तात्या खेळवायला लागले की त्यांचा आवाज बदलायचा. आधी टोपी सरळ करायची, मग घसा खाकरायचा, मग तो दुसरा माणूस बोलायला लागायचा. त्यांचा बुडालेल्या नगरीचा राजा तक्रार घेऊन आलेल्या पालकासारखा बोले. खजिन्यावर वेटोळं घालून बसलेला अजगर थेट साखर कारखान्याच्या चेअरमनसारखा, 'बगू, करू, हुईल की.' त्या अजगराकडून आम्हाला आजतागायत काही मिळालं नाही.

आता त्यांची स्वतःची तऱ्हा. दुसऱ्याला काम मिळायला हवं म्हणून एवढा आग्रह धरणारा हा माणूस स्वतः मात्र कुणाला कसलंच काम मिळू द्यायचा नाही. येताना स्वतःचा चहा थर्मासमध्ये घेऊन यायचे. इरफानने चहा मागवला तर म्हणायचे, 'माझा हाय.' पिशवी कुणाला धरू द्यायची नाही. एकदा यार्डातल्या चिखलात त्यांची मोटारसायकल रुतली. सूरज धक्का द्यायला धावला तर त्याला लांब उभं केलं आणि घामाने चिंब होईपर्यंत एकटेच रेटत राहिले. गाडी निघाली तेव्हा अंगावरचे चिखलाचे शिंतोडे रुमालाने टिपत म्हणाले, 'हां. झालं का न्हाई?' आम्ही गंमत म्हणून विचारायचो, 'तात्या, तुमची खोड कुठली?' ते म्हणायचे, 'मी खेळवतो. खेळत न्हाई. खोड खेळणाऱ्याला.'

मग एका उन्हाळ्यात त्यांनी नवीन शिस्त आणली. तोवर आम्ही फासा टाकला की ते टेबलावर वाकून परेडच्या आवाजात आकडा सांगायचे. त्या दिवसापासून मागे टेकून बसायला लागले. 'तुझा फासा तूच वाच,' म्हणाले. इरफानने विचारलं, 'आणि कुणी खोटं वाचलं तर?' तात्या म्हणाले, 'वाच की. मी काय बघणार न्हाई.' सूरज सांगायचा, अकॅडमीतही तसंच चाललंय, पोरांनी धावून यायचं आणि स्टॉपवॉचवरची आपली वेळ आपणच मोठ्याने वाचायची. आम्हाला तात्यांचं फार कौतुक वाटलं. मी तर स्टाफरूममध्ये हे सांगून दोन सहकाऱ्यांना पाऊण तास नीतिशास्त्र ऐकवलं.

त्या शिस्तीचा कस लागला तो तुटक्या पुलावर. सूरजचा लढवय्या नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या पुढे धावला. दीड वर्ष जपलेला माणूस होता तो. भरतीत जे जमलं नाही ते सगळं सूरजने त्याला दिलं होतं, छातीवर एक पदकसुद्धा. फासा टाकला तो गडगडत एका पोत्याआड गेला. सूरज वाकून बघायला गेला. तिथून त्याला काहीही सांगता आलं असतं. तात्या खुर्चीत मागे टेकून शांत बसले होते. पोत्यामागून सूरजचा आवाज आला, 'एक.'

एक म्हणजे मरण. तात्या उठले, चाचपत त्याच्यापर्यंत गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, 'शाब्बास.' सूरज नंतर मला म्हणाला, 'मॅडम, भरतीत निवड झाली असती तरी एवढं बरं वाटलं नसतं.'

चाचपत गेले, हे मी आत्ता लिहितेय. तेव्हा मला ते भावनेच्या भरात गेल्यासारखं वाटलं होतं. माणूस आपल्याला हवं तेच बघतो. ते अलीकडे बसने येत होते, म्हणायचे गुडघा दुखतोय. दुकानात शिरताना एकेका पोत्यावर हात फिरवत यायचे, इरफानला वाटायचं मालाची प्रत बघतायत. पिठाच्या गिरणीतला पोऱ्यासुद्धा ओळखेल अशी गोष्ट आम्हा तिघा शहाण्यांना दिसली नाही.

दिवाळीनंतर इरफानला खेळवायची हुक्की आली. एक रविवार तो गोष्ट सांगणार आणि तात्यांनी खेळायचं. तात्या नको नको म्हणत होते, पण आम्ही तिघांनी धरलंच. शेवटी त्यांनी माणूस निवडला, एक म्हातारा मेंढपाळ. खोड मंजूर करायला शेजारी मी. एवढी संधी कोण सोडतं? मी म्हटलं, 'हा म्हातारा मेला तरी कुणाकडे मदत मागत नाही.'

'ही खोड व्हय? ही तर चांगली सवय झाली.'

'लग्नाच्या जाहिरातीत लिहू या का?'

तात्या मनापासून हसले. 'बरं. नडंल मला?'

'नडेल.'

'आन तुमाला काम?'

'तुम्हाला विहिरीतून वर ओढायचं.'

इरफानने तो शब्द झेलला आणि खरंच म्हाताऱ्याला विहिरीत घातलं. कोकरू काढायला उतरलेला, पायऱ्या ढासळलेल्या, वर मी आणि सूरज दोर घेऊन उभे. इरफान म्हणाला, 'हाक मारलीत तर दोर येईल, फासा टाकायची गरजच नाही. हाक मारायची नसेल तर टाका फासा आणि चढा एकटे.'

'टाकतो की,' तात्या म्हणाले.

फासा टेबलाच्या मधोमध थांबला. सवयीने सूरज म्हणाला, 'तुमचा फासा तुमीच वाचा, तात्या.' तात्या वाकले. फाशावरून त्यांनी अंगठा फिरवला, पण खोदलेल्या आकड्यांत हळद भरून ते गुळगुळीत झाले होते. बराच वेळ गेला. मग ते म्हणाले, 'सतरा.'

फाशावर तीन होते. आम्हा तिघांनाही दिसत होते.

खरं सांगते, पहिल्यांदा मला संतापच आला. याच माणसाच्या भरवशावर सूरजने पोत्याआडून 'एक' म्हटलं होतं. सूरज तर खुर्चीवरून उठला आणि दाराशी जाऊन उभा राहिला. तिथून म्हणाला, 'परत बगा, तात्या.'

'बघितलं की रं. सतरा,' तात्या म्हणाले आणि हसले. ते सूरजच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून हसले.

तेव्हा कळलं. तिघांनाही एकदमच कळलं असणार, कारण कुणी श्वास घेतलेलाही ऐकू आला नाही. माझ्या तोंडातून काहीतरी निघणार एवढ्यात इरफान घाईने म्हणाला, 'सतरा. म्हातारा वर आला.' पण तात्या सिग्नलमधले. शब्दांपेक्षा शांतता त्यांना जास्त ऐकू यायची. त्यांनी फासा हळूच बाजूला सारला, थर्मास पिशवीत घातला आणि 'आज एवढंच' म्हणून पोत्यांवर हात ठेवत ठेवत बाहेर गेले. कुणीही त्यांना धरायला पुढे झालं नाही. त्यांना ते आवडणार नाही हे आम्हाला पक्कं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूरज अकॅडमीवर गेला. त्याने त्यांच्याकडून काढून घेतलेली हकीकत एवढीच. साखर जुनी होती. डोळ्यांपुढे काळे ठिपके यायला लागले तेव्हा तात्या एकटेच मिरजेच्या दवाखान्यात गेले होते. तिथल्या बाईने सांगितलं, डोळ्यांत औषध घालणार, नंतर काही तास नीट दिसणार नाही, सोबत कोण आहे? तात्या म्हणाले, कुणी न्हाई. बाई म्हणाली, सोबत कुणाला तरी घेऊन या. तात्या परत आले. त्यानंतर गेलेच नाहीत. सव्वा वर्ष.

एक माणूस सोबत आणा, एवढंच सांगितलं होतं. आम्ही तिघं दर रविवारी त्यांच्या पुढ्यात बसत होतो. यार्डातून मिरज ती किती लांब? मला रडू आलं, आणि रडताना तात्यांना शिव्याही दिल्या. इरफान नुसता येरझाऱ्या घालत होता. तो म्हणाला, 'ही खोड नाही. ही पीडा आहे. आपणही बुडालो यात.'

तात्या काही केल्या दवाखान्याला तयार होईनात. मग सूरज तीन दिवस कामावर आला नाही. मोटारसायकल शेडच्या दारात आडवी लावून तिच्यावर बसून राहिला. तात्या आतून ओरडले, 'जा म्हणतोय न्हवं तुला!' सूरज म्हणाला, 'मी कुणाचं ऐकत न्हाई तात्या. मंजूर हाय ते.' शेवटी मैदानावरची पोरं हसायला लागली म्हणून की काय, तात्या बाहेर आले आणि मुकाट्याने मागे बसले. पण त्यांनी मदत मागितली नाही. त्यांना नेलं गेलं. यातला फरक मला तेव्हाही दिसत होता.

डॉक्टर म्हणाले, उजव्या डोळ्याला उशीर झाला. डाव्यात जे आहे ते राखता येईल, नेमाने येत राहिलात तर. येताना सोबत कुणीतरी हवं, दरवेळी. आळीपाळीने आम्ही जात होतो आणि दरवेळी तेच नाटक. जायची वेळ झाली की तात्या आपण होऊन कधीच फोन करायचे नाहीत. आम्हीच लक्षात ठेवायचं, दारात जायचं, त्यांनी 'कशाला आलाय' म्हणायचं. मला धास्ती वाटायची ती हीच. आम्ही तिघं किती दिवस पुरणार? माझी बदली ठरत आली होती, इरफानच्या घरात आजारपण. एकदा जरी कुणाचं यायचं राहिलं, तर हा माणूस घरातच बसून उरलेला डोळाही घालवणार. मागणार नाही.

त्या काळात ते रविवारी येत राहिले. समोरचं धड दिसत नसताना त्यांनी जी गोष्ट खेळवली तिच्यासारखी पुन्हा ऐकायला मिळणार नाही. आम्ही आपापला फासा वाचायचो, आणि आता त्यात शिस्त वगैरे काही राहिली नव्हती. तरी कुणी एकदाही खोटं वाचलं नाही. सूरजने एकदा विचारलं, 'तात्या, त्या दिवशी पुलावर तुमाला दिसत न्हवतं. मी उगंच मेलो म्हणायचं का?' तात्या म्हणाले, 'मला दिसत असतं तर तू उगंच मेला असतास.'

पुढच्या पावसाळ्याआधी त्यांनी अकॅडमी सूरजच्या हवाली केली आणि गावी भावाकडे जायचं ठरवलं. तिकडूनही मिरजेला यावं लागणारच होतं, महिन्याच्या महिन्याला, एस.टी.ने. 'कोण आणेल तुम्हाला?' मी विचारलं. 'बगू,' म्हणाले. अगदी त्यांच्या अजगरासारखं.

जायच्या दिवशी त्यांना स्टँडवर सोडायला मी माझी स्कूटर घेऊन गेले. सूरजचं मैदानावर काम होतं, इरफान दवाखान्यात होता. फाटकाशी आल्यावर तात्या उतरले, पिशवी खांद्याला लावली. 'मॅडम, इथंच थांबा. आत मी जातो.' मी वाद घातला. ते ऐकेनात. 'जावा तुमी,' म्हणाले आणि फाटकाच्या खांबाला हात लावून आत गेले.

मी जायला हवं होतं. स्कूटर लावली आणि अंतर ठेवून मागे गेले.

दुपारची गर्दी होती. तात्या फलाटाच्या एका खांबापाशी जाऊन उभे राहिले. समोरून गाड्या येत होत्या, जात होत्या. प्रत्येक गाडी आली की ते तिच्या पाटीकडे मान वर करायचे, आणि पुन्हा खाली. आटपाडीची गाडी लागली. मला पाटी स्पष्ट दिसत होती. त्यांच्यापासून ती दहा-पंधरा पावलांवर उभी होती. लोक चढले. कंडक्टर चढला. तात्या उजव्या बाजूला बघत होते, जिकडे काहीच नव्हतं. इंजिन सुरू झालं. माझा एक शब्द पुरला असता. तो माझ्या अगदी ओठांवर होता, आणि शब्द गिळायची मला सवय नाही, हे एव्हाना तुम्हाला कळलंच आहे.

तेवढ्यात त्यांनी टोपी सरळ केली. घसा खाकरला. मला वाटलं, आता राजा बोलणार, नाहीतर अजगर. पण आवाज त्यांचा स्वतःचाच होता, थोडा बारीक. शेजारी दोन मोठ्या पिशव्या घेऊन एक बाई उभी होती, तिच्याकडे वळून ते म्हणाले, 'आवं मावशी, आटपाडीची गाडी लागली का बगा की. मला दिसत न्हाई.'

बाईला त्यात काहीच विशेष वाटलं नाही. 'ही काय म्होरंच हुबी हाय. चला बिगी बिगी, मी बी तिकडंचीच हाय,' असं म्हणून तिने त्यांचं मनगट धरलं, आणि आपला एक हात अडकला म्हणून त्या हातातली जड पिशवी सरळ त्यांच्या हातात दिली. 'एवढी धरा.'

तात्यांनी ती धरली. दोघं गाडीकडे गेले. पायरीवर ती आधी चढली आणि तिने वरून त्यांना हात दिला, तो त्यांनी घेतला.

मी खांबाआड उभी होते. एक शब्द बोलले नाही.